नाव जिल्ह्याचे, मैदान गहुंज्याचे : महाराष्ट्र प्रीमियर लीगचा पहिला हंगाम आणि हिंगोली

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने भरवलेली महाराष्ट्र प्रीमियर लीग ही वीस षटकांची स्पर्धा 15 जून 2023 रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर सुरू झाली, आणि त्या हंगामाचे विजेतेपद कोकणच्या नावाने खेळणाऱ्या रत्नागिरी जेट्स या संघाने मिळवले. या हंगामाकडे हिंगोली जिल्ह्याच्या बाजूने पाहणे अगत्याचे आहे, कारण हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांतल्या खेळाडूचा व्यावसायिक क्रिकेटकडे जाणारा रस्ता याच संघटनेतून जातो. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटचा कारभार मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र अशा तीन स्वतंत्र संघटनांमध्ये वाटलेला असून हिंगोलीला लागून असलेले वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे विदर्भाकडे मोडतात. त्यामुळे पैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचा होतकरू फलंदाज नागपूरकडे पाहतो, तर अलीकडच्या काठावरच्याला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या पुण्याकडे पाहावे लागते.

फ्रँचायझी म्हणजे संघटनेकडून ठरावीक वर्षांसाठी एखादा संघ चालवण्याचा हक्क बोली लावून विकत घेणारी कंपनी. खेळाडूंचे मानधन, प्रशिक्षक, गणवेश, जाहिरात हे सारे तिच्याकडे असते, आणि पंच, नियम व मैदान हे संघटनेकडे राहते. 2023 मध्ये पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर या सहा नावांसाठी तीन वर्षांच्या मुदतीच्या बोली लागल्या. त्यांत पुण्याचा संघ सर्वाधिक म्हणजे 14.8 कोटी रुपयांना आणि कोल्हापूरचा 11 कोटी रुपयांना गेला. प्रत्येक संघाला एक आयकॉन खेळाडू, म्हणजे लिलावाबाहेर ठेवून संघाचा चेहरा म्हणून दिलेला नामवंत खेळाडू, मिळाला होता: पुणेरी बाप्पाकडे ऋतुराज गायकवाड, कोल्हापूर टस्कर्सकडे केदार जाधव, ईगल नाशिक टायटन्सकडे राहुल त्रिपाठी, सोलापूर रॉयल्सकडे विकी ओस्तवाल, रत्नागिरी जेट्सकडे अझीम काझी आणि छत्रपती संभाजी किंग्जकडे तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगर्गेकर. मराठवाड्याचे नाव लावणाऱ्या एकमेव संघाचा चेहरा मराठवाड्याचाच होता, ही गोष्ट या भागातल्या प्रेक्षकाला निश्चितच सुखावणारी होती.

बाकीचे खेळाडू लिलावातून घेतले गेले. त्यात सर्वाधिक म्हणजे 6 लाख रुपयांची बोली कोल्हापूरने नौशाद शेखसाठी लावली, आणि याच हंगर्गेकरला 2022 च्या आयपीएल लिलावात चेन्नई सुपर किंग्जने दीड कोटी रुपयांना घेतले होते, हे आठवले की दोन स्पर्धांमधले आर्थिक अंतर लक्षात येते. तरीही राज्यस्तरीय लीगचे मोल पैशात मोजणे चुकीचे ठरेल. रणजी संघाच्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षे थांबलेल्या खेळाडूला थेट प्रक्षेपणात, रात्रीच्या दिव्यांखाली आणि आयपीएलच्या निवडकर्त्यांच्या नजरेसमोर खेळायला मिळणे, हे तिचे खरे काम आहे.

ते काम किती झपाट्याने होऊ शकते, हे 19 जून 2023 च्या सामन्यात दिसले. मूळ सोलापूरच्या, पण नाशिककडून खेळणाऱ्या अर्शिन कुलकर्णी या अठरा वर्षांच्या अष्टपैलूने पुणेरी बाप्पाविरुद्ध 54 चेंडूंत 117 धावा काढल्या, त्यांत 13 षटकार होते, आणि नंतर 21 धावांत 4 बळी घेऊन नाशिकला एका धावेने जिंकून दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लखनौ सुपर जायंट्सने त्याला आयपीएलसाठी 20 लाख रुपयांना घेतले आणि पुढच्याच महिन्यात तो एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. सोलापूरच्या मुलाने नाशिकसाठी पुण्याविरुद्ध केलेली ही कामगिरी फ्रँचायझी पद्धतीचा स्वभाव स्पष्ट करते: संघाचे नाव गावाचे असते, खेळाडू मात्र बाजारातून येतो.

पहिल्या हंगामात प्रत्येक संघ इतर पाचांशी एकेकदा खेळला आणि बादफेरी धरून 19 सामने झाले. ते सारे गहुंज्यालाच झाले, आणि रत्नागिरीच्या संघाला रत्नागिरीच्या प्रेक्षकांसमोर एकही चेंडू टाकता आला नाही. ऐन जूनमध्ये पावसाचीही टांगती तलवार होतीच. 29 जूनच्या अंतिम सामन्यात रत्नागिरीच्या गोलंदाजांनी कोल्हापूरची अवस्था 16 षटकांत 8 बाद 80 अशी केली असताना पाऊस आला. राखीव दिवशी, म्हणजे खोळंबलेला सामना पुरा करण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या दुसऱ्या दिवशीही, खेळ होऊ शकला नाही, तेव्हा साखळी फेरीतल्या अव्वल स्थानामुळे अझीम काझीच्या संघाला विजेता घोषित करण्यात आले. हे यश पावसाच्या कृपेचे नव्हते, हे 2024 मध्ये सिद्ध झाले. त्या वर्षी प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा खेळल्याने स्पर्धा 34 सामन्यांची झाली आणि रत्नागिरीने 22 जूनच्या अंतिम सामन्यात नाशिकला 24 धावांनी हरवून विजेतेपद राखले. 2025 पासून महिलांचीही चार संघांची लीग सुरू झाली असून त्यात रत्नागिरी जेट्सचे नेतृत्व सांगलीच्या स्मृती मानधनाने केले.

या साऱ्या उलाढालीत हिंगोलीच्या नावाचा संघ नाही, आणि त्याची खंत करण्याचेही कारण नाही, कारण कोट्यवधींची बोली लावणारी कंपनी मोठ्या शहराचेच नाव निवडणार. चिंतेची बाब वेगळी आहे. जून हा हिंगोलीत सोयाबीनच्या पेरणीचा आणि हळदीच्या लागवडीचा महिना असून शेतकऱ्याच्या घरातला जो मुलगा उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा गाजवतो, तो या काळात शिवारात असतो. शिवाय टेनिस बॉल आणि व्यावसायिक क्रिकेटचा शिवणीचा कातडी चेंडू यांत मोठा फरक आहे: कातडी चेंडू हवेत वळतो, शिवणीवर पडून दिशा बदलतो, आणि त्याला तोंड द्यायचे तर मातीची काळजीपूर्वक रोलर फिरवलेली, गवत राखलेली खेळपट्टी, म्हणजेच टर्फ खेळपट्टी, रोजच्या सरावासाठी लागते.

या बाबतीत अनुकरण करण्याजोगे उदाहरण पुण्यामुंबईचे नसून मराठवाड्यातलेच आहे. बीडचा सचिन धस हा फलंदाज बीडमध्येच, अर्ध्या लांबीच्या टर्फ खेळपट्टीवर, स्थानिक प्रशिक्षकाच्या हाताखाली घडला, आणि 6 फेब्रुवारी 2024 रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात यजमानांविरुद्ध त्याने काढलेल्या 96 धावांमुळे भारत अंतिम फेरीत गेला. लीग खेळाडूला जगासमोर आणते. त्याला घडवते ती गावातली खेळपट्टी आणि तिथे रोज उभा राहणारा प्रशिक्षक. म्हणून फ्रँचायझींकडून संघटनेला मिळणाऱ्या रकमेतला ठरावीक हिस्सा संघ नसलेल्या जिल्ह्यांतील टर्फ खेळपट्ट्यांसाठी आणि पूर्णवेळ प्रशिक्षकांसाठी राखून ठेवावा, निवड चाचण्या पेरणीआधी घ्याव्यात, आणि त्याची सुरुवात हिंगोलीसारख्या जिल्ह्यापासून करावी.