कायद्याचा अभ्यासक्रम आणि वस्तीचा खटला

आमच्या भागातील मुले कायद्याच्या पदवीला प्रवेश घेतात, तेव्हा त्यांतील काही माझ्याकडे येतात. कोणत्या विषयावर भर द्यावा, असे विचारतात. उत्तर त्यांनी मनात ठरवलेलेच असते. ते म्हणजे संविधान. मी त्यांना म्हणतो, संविधान वाचाच, पण दिवाणी प्रक्रिया, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदा हे तीन विषय आधी पक्के करा. त्यांचा विरस होतो. रूक्ष कलमांचे, मुदतींचे आणि अर्जांचे हे विषय चळवळीच्या माणसाला कशाला हवेत, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम अभ्यासक्रमाची रचना समजून घेऊ. वकिलांचा कायदा १९६१ साली झाला. विधी शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम त्या कायद्याने भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिले. परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पदवीचे दोन मार्ग आहेत. पदवीनंतर तीन वर्षांचा आणि बारावीनंतर पाच वर्षांचा. पाच वर्षांच्या मार्गात राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांसारखे विषयही असतात. कायद्याचे सक्तीचे विषय मात्र दोन्हीकडे तेच, एकूण वीस. न्यायशास्त्र, करार, अपकृत्य, कुटुंब कायदा, दंडविधान, संविधान, मालमत्ता, पुरावा, दोन्ही प्रक्रिया संहिता, प्रशासकीय कायदा, कंपनी, कर, पर्यावरण, कामगार कायदे वगैरे. त्यांच्या जोडीला चार प्रात्यक्षिक विषय: दस्तऐवज व दाव्याचे लेखन, व्यावसायिक नीती, तंटे सोडविण्याचे पर्यायी मार्ग आणि अभिरूप न्यायालय. याशिवाय किमान सहा ऐच्छिक विषय.

या वीस नावांत अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे, म्हणजे आपण ज्याला ॲट्रॉसिटी कायदा म्हणतो त्याचे, स्वतंत्र नाव नाही. कंपनी कायदा सक्तीचा आहे. आमच्या वस्तीतल्या किती जणांचा कंपनी कायद्याशी संबंध येतो आणि कितींचा ॲट्रॉसिटी कायद्याशी, हे वाचकांना सांगायला नको. ही तक्रार खरी आहे आणि ती केलीच पाहिजे. पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. हा कायदा उद्या सक्तीचा झाला, तरी तो चालवायचा पुराव्याच्या आणि प्रक्रियेच्या वाटेनेच.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. १९९८ साली मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पोळ्याच्या दिवशी आमच्या चुलत्यांना गावातल्या चौकात जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली. गुन्हा नोंदला गेला, खटला उभा राहिला. निकालाच्या महिन्यातच माझी परीक्षा होती. कलम १७ वर, अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलमावर, मी पानेच्या पाने लिहिली आणि चांगले गुण मिळवले. इकडे आरोपी ॲट्रॉसिटी कायद्याखाली निर्दोष सुटले. फिर्यादीत प्रकार चौकात, लोकांच्या देखत घडल्याचे नीट लिहिलेले नव्हते. चुलत्यांचा जातीचा दाखला कागदपत्रांत नव्हता. १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो, तो फौजदाराने केला होता. चुलते मला म्हणाले, "तू कायदा शिकतोस ना रे? मग हे आधी का नाही सांगितलंस?" मला ते माहीत नव्हते. फिर्याद लिहून घेतली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

आमच्या चळवळीचा इतिहास हेच शिकवतो. महाडचा सत्याग्रह सर्वांना पाठ आहे, पण महाडचा दावा फार थोड्यांनी वाचला आहे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर डिसेंबरात स्पृश्यांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला त्यांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो मोडायचा नाही असे ठरवून बाबासाहेबांनी दुसऱ्या वेळचा तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली. ती जवळजवळ दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: वादींना अशी अनादि वहिवाट शाबीत करता आलेली नाही.

या निकालाचा अर्थ नीट पाहा. त्या वेळी कलम १७ नव्हते, सार्वजनिक पाणवठे खुले करणारे कलम १५ (२) नव्हते. जिंकून दिले ते पुराव्याच्या एका साध्या नियमाने. जो वहिवाट सांगतो त्यानेच ती शाबीत करायची. शाबितीचा बोजा कोणावर, एवढ्या एका प्रश्नावर हजारो वर्षांची म्हणवणारी रूढी कोर्टात कोसळली. हा एक दावा घेतला तर मालमत्ता, मनाई हुकूम, रूढी आणि पुरावा हे सगळे विषय शिकवता येतात. बाबासाहेब १९३५ पासून मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि हा निकाल आला तेव्हाही ते त्या पदावर होते, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

आता उलटे उदाहरण. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, त्यांतील सहा जणांना फाशी सुनावली. परंतु ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. तेथेही तो कायदा लागला नाही. गंभीर गुन्ह्यांबाबतच्या तेव्हाच्या कलमाचे शब्द होते, पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडला पाहिजे. माणसाच्या मनातले कारण शाबीत कसे करायचे? देशभर जे सर्वांना दिसत होते ते निकालपत्रात उतरले नाही.

पुढे कायदा बदलला. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, पीडिताची जात 'माहीत असताना' गुन्हा केला एवढे पुरेसे ठरले. शिवाय कलम ८ मध्ये एक गृहीतक आले. आरोपीला पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची व्यक्तिशः ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे आरोपीने शाबीत करायचे. म्हणजे बोजा पुन्हा फिरला. महाडला जो प्रश्न होता तोच येथेही आहे.

आजच्या विद्यार्थ्यासमोर आणखी एक काम आहे. १ जुलै २०२४ पासून दंडविधान, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा या तिन्हींचे जुने कायदे जाऊन नवे आले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) प्रमाणे तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. जातीवरून अपमान करण्याच्या गुन्ह्याला ॲट्रॉसिटी कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा 'आधी चौकशी, मग गुन्हा' असे उत्तर ठाण्यात मिळू शकते. त्यावर आपले उत्तर तयार हवे. २०१८ मध्ये घातलेले कलम १८-अ सांगते की या कायद्याखाली गुन्हा नोंदण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ते सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वैध ठरवले आहे. आणि कलम २० प्रमाणे हा कायदा इतर कायद्यांवर वरचढ आहे. ज्याने दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले आहेत, तोच हे ठाण्याच्या दारात बोलू शकेल.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की पुराव्याचा विषय खुनाच्या काल्पनिक गोष्टींवर न शिकवता महाड आणि खैरलांजीवर शिकवा. विद्यार्थ्यांना सांगणे असे की, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचे असतात. त्यांतले काही दिवस जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात बसून काढा, आमचे लोक कुठे हरतात ते टिपून ठेवा. कार्यकर्त्यांनी फिर्याद देताना स्थळ, वेळ, उच्चारलेले शब्द आणि हजर माणसे लिहून घ्यावीत. फिर्यादीची विनामूल्य प्रत मागून घ्यावी. जातीचा दाखला पहिल्याच दिवशी द्यावा.

चुलते आता नाहीत. वस्तीतून कोणी ठाण्यात निघाले की मी आधी त्याला घरी बसवतो आणि विचारतो, हे कुठे घडले आणि तिथे कोण कोण होते? संविधानाने आपल्याला हक्क दिला आहे. तो न्यायाधीशांसमोर नेऊन शाबीत करण्याचे काम आपल्या पोरांनी शिकायचे आहे.