बंद ट्रकचं इंजिन : ऐकलेलं आणि तपासलेलं

धारवाडहून बेळगावकडे निघालं की पुणे-बेंगळुरू महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. (होयसळांच्या देवळांचं बेलूर ते वेगळं, हासन जिल्ह्यातलं.) टाटाच्या बस इथल्या कारखान्यात बांधल्या जातात. शेजारचं हुबळी म्हणजे व्हीआरएलसारख्या वाहतूक कंपनीचं मुख्यालय असलेलं शहर. अशा पट्ट्यात जुन्या गाड्यांचे सौदे नेहमीचेच, आणि बंद पडलेला ट्रक स्वस्तात घेऊन रस्त्यावर आणू पाहणारेही पुष्कळ. यातले बरेचसे कर्ज काढून, एका गाडीवर घर चालवायला निघालेले असतात. त्यांची फसगत झालेली पाहिली की जीव हळहळतो, कारण ती टाळता येते. इंजिनाबद्दलच्या काही समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की तपासणी करायचं मनातच येत नाही.

"चालू केल्याशिवाय इंजिनाचं काय कळणार?"

बरंच कळतं. गिअर न्यूट्रल करा, पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला सॉकेट लावा आणि लांब बारने इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं हातानं फिरवा. फोर-स्ट्रोक इंजिनाचं चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं. सहा सिलिंडर असतील तर या दोन फेऱ्यांत बारवर सहा वेळा जोर यायला हवा, आणि सहाही वेळा साधारण सारखाच. एखाद्या वेळी बार न अडखळता सरळ पुढे गेला, तर तो सिलिंडर हवा धरत नाही. टॅपेट कव्हर काढून ठेवलं तर रॉकर एकामागून एक हलताना दिसतात. क्रँक फिरतोय आणि रॉकर गप्प आहेत, म्हणजे टायमिंग गिअर किंवा कॅमशाफ्टकडे मोडतोड झाली आहे. या तपासणीला ना बॅटरी लागते, ना डिझेल.

याच्या पुढची पायरी म्हणजे हवेचा दाब देऊन पाहणं. खरेदीदारांपैकी फार थोडे ही करतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त सांगून जाणारी तपासणी हीच. नोझल काढायचं आणि त्याच्या जागी योग्य जोडणी बसवून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावायची. त्याआधी त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर अगदी वर आणायचा. त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर सैल लागले की समजायचं, वॉल्व्ह बंद आहेत. बार आणि सॉकेट काढून घ्यायचे, नाहीतर हवेच्या जोरानं क्रँक फिरून हात मोडेल. हवा आधी कमी दाबानं, मग हळूहळू 80 पीएसआयपर्यंत. आता नुसतं ऐकायचं. ऑईल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर गेलेले. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूनं आली तर इनलेट वॉल्व्ह. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट गेलेलं किंवा हेडला तडा. थोडी हवा तर चांगल्या इंजिनातही रिंगांवरून निसटते. एकच सिलिंडर इतरांपेक्षा फार वेगळा वागतोय का, हे पाहायचं. बहुतेक सहा सिलिंडरच्या ट्रक इंजिनांचा क्रम 1-5-3-6-2-4 असतो, म्हणून क्रँक 120 अंश फिरवला की पुढचा सिलिंडर हाती येतो.

कॉम्प्रेशन गेजनंही काम होतं, पण त्यासाठी सेल्फ जोरात फिरायला हवा, म्हणजे मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन चांगल्या बॅटऱ्या हव्यात. गेजही डिझेलचाच हवा. पेट्रोल इंजिनात दीडशे-पावणेदोनशे पीएसआय पुष्कळ झाले; डिझेलमध्ये साडेतीनशेच्या आसपास किंवा वर आकडा अपेक्षित असतो.

"दोर बांधून ओढली की लगेच कळेल"

हा सल्ला महागात पडतो. धारवाडच्या पावसात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं सायलेन्सरचं तोंड उघडं असेल, तर पाणी सिलिंडरपर्यंत उतरू शकतं. गळक्या गॅस्केटमधून रेडिएटरचं पाणीही येतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा इंजिनाला गाडी ओढून फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे काम गॅस्केटवर भागलं असतं ते फुल इंजिनावर जातं. म्हणून हातानं दोन पूर्ण फेऱ्या झाल्याशिवाय सेल्फसुद्धा मारू देऊ नका. इनलेटमध्ये ईथरचा फवारा मारून चालू करून दाखवतात, तेही थांबवा. फवाऱ्यावर जे इंजिन उठतं, त्याचं कॉम्प्रेशन कमी असण्याचीच शक्यता जास्त.

"ऑईल काळं म्हणजे इंजिन खलास, ऑईल स्वच्छ म्हणजे इंजिन एक नंबर"

डिझेल इंजिनाचं ऑईल काजळीनं लवकरच काळं होतं. उलट बंद गाडीत कोरं ऑईल दिसलं तर विचारा : जी गाडी चालतच नाही, तिचं ऑईल कशासाठी बदललं? डिपस्टिकपेक्षा खालचा ड्रेन नट खरं बोलतो. गाडी उभी असताना पाणी ऑईलच्या तळाशी बसतं, म्हणून नट हळूच सैल केला की आधी पाणीच येईल. झाकणाखाली थोडी पांढरट साय दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती हवेतल्या दमटपणानंही धरते. पातळी खुणेच्या वर आणि वास डिझेलचा असेल तर पंप किंवा नोझल गळतंय. जुना ऑईल फिल्टर कापून पाहा. कागदाच्या घड्यांत पितळी किंवा चंदेरी चुरा सापडला तर बेअरिंग झिजलेलं आहे.

"जाम इंजिन भंगारातच"

जाम दोन कारणांनी होतं. ऑईल संपून किंवा तापून जाम झालेल्या इंजिनाचं काम मोठंच निघतं. नुसतं उभं राहून रिंगांना गंज धरला असेल, तर नोझलच्या जागेतून डिझेल आणि ऑईल सोडून काही दिवस मुरवलं की पुष्कळदा सुटतं. मात्र "लायनर बदलला की झालं" हे सगळीकडे लागू नाही. टाटाच्या अनेक ट्रकांत असलेल्या 5.9 लिटरच्या कमिन्स इंजिनात मुळात लायनरच नाही, बोअर थेट ब्लॉकमध्ये आहेत. तिथे ब्लॉक मशीनशॉपवरच न्यावा लागतो.

"काही नाही मालक, फक्त हवा घेतलीय"

हे खरंही असू शकतं. हँड प्रायमर मारून डिझेलच्या लाईनमधली हवा काढायला किती वेळ लागतो? विकणाऱ्यानं तेवढंही केलेलं नसेल तर त्याच्या शब्दावर भाव ठरवू नका. आणि चालू करायची वेळ आलीच, तर इनलेटचं तोंड झाकायला जाड फळी हाताशी ठेवा. फार दिवस उभ्या गाडीत पंपाचा रॅक अडकतो, इंजिन आपोआप वेग घेत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. हवा तोडणं हाच त्यावर उपाय.

देशभर 2017 मध्ये बीएस-4 आणि 2020 मध्ये बीएस-6 लागू झालं. तेव्हापासूनच्या कॉमन रेल गाड्यांत क्रँक सेन्सर किंवा ईसीयूमुळेही धडधाकट इंजिन चालू होत नाही. आधी ईसीयू जागेवर आहे का ते बघा, मग स्कॅनर लावा. बार आणि हवेची तपासणी इथेही तशीच करायची.

इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसीशी जुळवा, फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि महाराष्ट्रातली गाडी कर्नाटकात आणायची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आधी मागा. एवढं होऊन विकणारा नोझल काढू देत नसेल, तर फुल इंजिनाचा खर्च धरून, तो वजा करूनच भाव सांगा.