प्रश्नांपूर्वीची उत्तरे : डेबियनच्या स्वयंचलित स्थापनेचे तत्त्व

प्रयोगशाळेतील चाळीस संगणकांवर एकच ऑपरेटिंग सिस्टीम बसवावयाची असली, म्हणजे भाषा, कळफलक, डिस्कची विभागणी, पासवर्ड इत्यादी तेच ते प्रश्न चाळीस वेळा पुढे येतात. यात वेळ जातो हा दोष दुय्यम होय. मुख्य दोष असा की, चाळीस वेळा दिलेली उत्तरे चाळीसही वेळा सारखी राहत नाहीत. आणि जी यंत्रे एकरूप समजून त्यांवर गणिते केली जातात, ती वस्तुतः भिन्न असतात. उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवणे हा यावरील उपाय आहे. रेड हॅटच्या परंपरेत यास किकस्टार्ट म्हणतात, तर डेबियनमध्ये प्रीसीड.

डेबियनचा सध्याचा स्थापक २००५ साली ३.१ या आवृत्तीबरोबर प्रसृत झाला. तो आपले प्रश्न डेबकॉन्फ या व्यवस्थेमार्फत विचारतो. प्रत्येक प्रश्नास स्वतःचे नाव, प्रकार व अग्रक्रम असतो आणि त्याचे उत्तर एका संग्रहात नोंदले जाते. उत्तर तेथे आधीच असून प्रश्न ‘पाहिलेला’ अशी खूण असेल, तर तो पुन्हा विचारला जात नाही. प्रीसीडची फाइल हा संग्रह आगाऊ भरते. तिच्या प्रत्येक ओळीत प्रश्नाचा स्वामी, नाव, प्रकार व मूल्य असे चार भाग असतात. प्रकार आणि मूल्य यांमध्ये एकच मोकळी जागा सोडावयाची असते. अधिक सोडल्यास ती मूल्याचाच भाग ठरते.

येथे कालक्रमाचा विचार महत्त्वाचा आहे. फाइल प्रारंभिक रॅम-डिस्कच्या प्रतिमेत ठेवली, तर ती पहिल्या प्रश्नापूर्वीच वाचली जाते. स्थापनेच्या माध्यमावर ठेवल्यास ते माध्यम जोडले गेल्यावर, आणि नेटवर्कवर ठेवल्यास नेटवर्क सिद्ध झाल्यावर वाचली जाते. म्हणून नेटवर्कवरील फाइल नेटवर्कसंबंधीच्याच प्रश्नांची उत्तरे वेळेवर देऊ शकत नाही. ती आरंभीच्या आज्ञेतून द्यावी लागतात. भाषा व कळफलक यांचे प्रश्न मात्र ‘ऑटो’ या पर्यायाने फाइल मिळेपर्यंत पुढे ढकलता येतात.

या सोयीतच धोकाही आहे. डिस्क पुसण्यापूर्वी स्थापक जी संमती मागतो, तीही प्रश्नच असल्यामुळे आगाऊ देता येते. अशा माध्यमाने चुकीचे यंत्र सुरू झाले, तर त्यावरील सामग्री एकही प्रश्न न विचारता नष्ट होईल. शिवाय यूएसबी संच जोडलेला असता डिस्कचे अपेक्षित नाव बदलू शकते. म्हणून जेथे इतरांची सामग्री असण्याचा संभव आहे, तेथे निदान ही एक संमती मनुष्यासाठी राखून ठेवणे इष्ट. पासवर्डही उघड न लिहिता त्याचे सांकेतिक रूप द्यावे. तथापि फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला त्यावरून मूळ शब्द शोधण्याचा यत्न करता येतो, हे विसरू नये.

एकदा सिद्ध केलेली फाइल कायमची पुरते असेही नाही. आवृत्ती बदलली की प्रश्नांची नावे बदलू शकतात. उबुंटू सर्व्हरच्या नव्या स्थापकाने तर २०२० सालच्या २०.०४ आवृत्तीपासून निराळीच रचना स्वीकारली. म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी फाइल प्रथम आभासी यंत्रावर तपासावी आणि तिच्या बदलांची दिनांकवार नोंद ठेवावी. असे केल्यास यंत्र कोणत्या स्थितीत सिद्ध झाले होते, हे प्रयोगाच्या निष्कर्षांबरोबर दाखविता येते, आणि अन्यत्र तीच स्थिती पुन्हा निर्माण करून ते निष्कर्ष पडताळता येतात.