चढणीचे मासे

मावळात पहिल्या जोरदार पावसात इंद्रायणीला गढूळ लोंढा येतो आणि ओढ्यांत, भातखाचरांत मासे दिसू लागतात. ते पुरात वाहून आले, असा अनेकांचा समज. पाणी पाहता तसे वाटणे साहजिकच. प्रत्यक्षात ते धारेविरुद्ध वर निघालेले असतात. हीच चढण (अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाणे). लेक बाळंतपणाला माहेरी जाते, तसेच हे. पिकलेल्या मादीचे पोट हलकेच दाबले तरी अंडी बाहेर येतात. म्हणजे चढणीला मासे धरले, तर टोपलीत एक मासा नव्हे, पुढची पिढीच पडते. नद्यांतला महसीर मासा घटल्यानेच लोणावळ्याला वळवण येथे टाटा पॉवरने १९७०च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास सुरू केली. चढणीच्या दिवसांत निदान ओढ्याला आडवे जाळे लावू नये.