अंधारातले बिऱ्हाड

मी मराठीचा मास्तर. प्राणिशास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममधल्या चहापुरता. तरीही वटवाघळांवर लिहायला बसलो आहे, कारण त्यांचे थोडे देणे लागतो.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात विद्यार्थ्यांची सहल घेऊन सह्याद्रीतल्या एका गुहेत शिरलो. हौसेने टेंभे पेटवले, ‘हर हर महादेव’ची आरोळी ठोकली. छतावरचा अंधार एकदम सुटला आणि शेकडो पंख तोंडावरून गेले. मुलांना गंमत वाटली. खोटे कशाला, मलाही वाटली. धूर निवळल्यावर एका मुलीने बॅटरीचा झोत खाली धरला. विष्ठेच्या थरावर अंगठ्याएवढी उघडी पिल्ले पडली होती.

“सर, यांच्या आया परत येतील का हो?”

मला उत्तर देता आले नाही. ते दिले प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याने. हा जीव उंदराएवढा दिसला तरी उंदराचा हिशेब त्याला लागू नाही. बहुतेक माद्यांना वर्षाला एकच पिल्लू. जगात वटवाघळांच्या चौदाशेंवर जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गुहांचा आसरा घेतात. (नावात मात्र आपण वड घालून ठेवला आहे!) टेक्सासच्या ब्रॅकन गुहेत उन्हाळ्यात दीड-दोन कोटी एकत्र नांदतात. बिऱ्हाड मोठे, पण दार एकच. अमेरिकेत २००६ साली प्रथम दिसलेल्या एका पांढऱ्या बुरशीने गुहांमध्ये थंडीची झोप घेणारी लाखो वटवाघळे मारली.

लांब कशाला जा? बेळगाव जिल्ह्यात, भीमगडच्या रानात, बारापेडे गुहा आहे. तिथे सापडलेल्या वटवाघळाला १९१३ साली रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव मिळाले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे साऱ्या जगात त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. मग कंबोडियात आणि मेघालयातही ते आढळले. कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. २०११ साली भीमगड अभयारण्य झाले. कोलारजवळच्या हनुमनहळ्ळीची जात इतकी नशीबवान नाही. एकच गुहा, दोनशेही जीव नाहीत आणि भोवती दगडाच्या खाणी.

यंदा पुन्हा त्याच गुहेशी गेलो, पण पावसाळा सरल्यावर, आणि तोंडाशीच थांबलो. तिन्हीसांजेला ती बाहेर पडू लागली. कोणी आरोळी दिली नाही. एक मुलगा बोटांवर मोजत होता. तीनशेच्या पुढे त्याचा आकडा चुकला.