स्वस्त संगणक, थोडी वीज आणि आपला अविश्वास

सरकार एखादी वस्तू अल्प दरात देणार आहे, अशी वार्ता कानी आली की व्यापारी माणसाच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो असा : यातील तूट कोण सोसणार? हा प्रश्न वाईट नाही. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसून रोजमेळ जुळविणाऱ्या समाजाला तो सुचला नाही, तरच नवल. परंतु प्रश्न विचारून त्याचे उत्तर मिळवणे वेगळे आणि प्रश्न विचारल्याच्या समाधानात दिवाणखान्यात हसून विषय संपविणे वेगळे. कमी विजेवर चालणारे घरगुती संगणक देण्याच्या ज्या योजना गेल्या वीस वर्षांत जाहीर झाल्या, त्यांच्या बाबतीत आपण बहुतेकांनी दुसरा मार्ग पत्करला. त्याचा हिशेब आता मांडून पाहावा, असे वाटते.

परळी तालुक्यातील आमच्या सिरसाळ्यासारख्या गावात हा विषय केवळ चर्चेचा नाही. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र येथून जवळ. तेथे तयार झालेली वीज राज्यभर जाते, ही आमच्या अभिमानाची बाब. पण २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनाचा जो काळ आला, त्यात दिव्याखालचा अंधार म्हणजे काय हे परळी परिसराने अनुभवले. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. वीज ही खाणीतील कोळशावर, धरणातील पाण्यावर आणि आभाळातील ढगांवर अवलंबून असते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. त्यामुळे थोड्या विजेवर चालणाऱ्या यंत्राची खरी गरज मुंबई-पुण्यापेक्षा आमच्याकडेच अधिक होती. आणि तरीही अशा यंत्राच्या घोषणेवर सर्वांत मोठ्याने हसले ते आमच्याचकडे.

हसण्यास कारणे होती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ३ फेब्रुवारी २००९ रोजी तिरुपती येथे माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. त्यापूर्वी काही दिवस दहा डॉलरचा, म्हणजे सुमारे पाचशे रुपयांचा लॅपटॉप येणार अशा बातम्या झळकल्या होत्या. प्रत्यक्षात जे दाखविण्यात आले तो लॅपटॉप नव्हता. माहिती साठविण्याचे ते एक छोटे उपकरण होते. पुढे जुलै २०१० मध्ये केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी पस्तीस डॉलरच्या, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दीड हजार रुपयांच्या आसपासच्या संगणकाचा नमुना दाखविला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ या नावाने सात इंची पडद्याचे टॅबलेट आले. वस्तूपूर्वी तिचा भाव जाहीर करण्याची ही रीत कोणत्याही बाजारपेठेत पत घालविणारीच. नमुना न दाखविता सौदा सांगणाऱ्या दलालाला आपण गादीवर बसू देत नाही.

‘आकाश’चा पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देत नसे, वेग मंद होता, बॅटरी तीन तासांच्या आसपास टिके. आधी राजस्थानच्या आय.आय.टी.कडे असलेले काम पुरवठादाराशी झालेल्या वादानंतर पवईच्या आय.आय.टी.कडे आले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर झाले. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलेले होते. पण तोवर लोकांचे मत ठरून गेले होते, आणि काही वर्षांत योजनाच विरून गेली.

आता या प्रकरणातील एक बाजू पाहा, जिच्याकडे आपल्यापैकी कोणीच लक्ष दिले नाही. पहिल्या ‘आकाश’ची बॅटरी २१०० मिलिअँपिअर-तासांची होती. गळती जमेस धरूनही ती एकदा पूर्ण भरण्यास साधारण दहा वॅट-तास वीज लागे. म्हणजे शंभर वेळा भरली तरी मीटरवर एकच युनिट. त्या काळी आपल्या दुकानांतील काचेच्या मोठ्या नळीचा मॉनिटर आणि त्याखालची पेटी मिळून सव्वाशे वॅटच्या घरात वीज घेत, म्हणजे आठ तासांत एक युनिट. यंत्र सदोष होते हे खरेच. पण विजेच्या बाबतीत दिलेले वचन खोटे नव्हते. आपण ताळेबंदाची एकच बाजू वाचली आणि वही मिटली.

आपल्याच राज्यात याहून जुना एक प्रयोग झाला होता. अमेरिकेतील ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेने मुलांसाठी हिरव्या-पांढऱ्या रंगाचा ‘एक्सओ’ नावाचा संगणक तयार केला. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई आणि साध्या लॅपटॉपच्या मानाने त्याला वीज फारच थोडी लागे. मूळ कल्पनेत तर हाताने फिरविण्याचा दांडा होता; २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत तो नमुना दाखविताना संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हाती दांडाच तुटून आला! पुढे तो संगणकातून वगळला. शंभर डॉलर ही ठरविलेली किंमतही बाजारात येईपर्यंत दुपटीच्या जवळ गेली. २००६ मध्ये आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली. अशा महागड्या साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, अशी भूमिका घेतली. तीन वर्षांनी त्याच मंत्रालयाने स्वतःच्या स्वस्त संगणकाचा डंका वाजवला, हा आणखी एक विनोद. मात्र रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट-धनगरवाडा या वाडीतील छोट्याशा प्राथमिक शाळेत २००७ च्या अखेरीस हे संगणक मुलांच्या हाती पडले. भारतातील तो पहिला प्रयोग. सरकारला संशय, सुशिक्षितांना संशय, आणि वाडीवरची मुले मात्र यंत्र उघडून कामाला लागलेली!

अविश्वासाचे काय करावे, याचे एक उदाहरण मी नोकरीत पाहिले आहे. बँकांच्या संगणकीकरणासाठी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली १९८४ आणि १९८९ मध्ये अहवाल आले. शाखांमध्ये खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रे येऊ लागली तेव्हा कर्मचारी संघटनांचा विरोध होता आणि खातेदारांना त्याहून अधिक धास्ती. ‘पेटीतला आकडा पुसला गेला तर?’ असे आमच्या काउंटरवर अनेकांनी विचारले आहे. त्यावर व्याख्याने देऊन उपयोग नव्हता. म्हणून कित्येक महिने हस्तलिखित खतावणी आणि यंत्र ही दोन्ही समांतर चालविली जात. रोज सायंकाळी दोन्ही शिल्लक ताडून पाहायच्या. दुप्पट काम, उशिरापर्यंत बसणे, कुरकुर. पण ज्या दिवशी आकडे सलग जुळत आल्याची खात्री पटली, त्या दिवशी लेजर बंद झाले. कोणाच्याही मनातील संशय दडपला गेला नाही. त्याला काम देण्यात आले, इतकेच.

वीजबचतीच्या इतर योजनांतही हाच अनुभव येतो. २००९ च्या ‘बचत लॅम्प योजने’त सी.एफ.एल. दिवा पंधरा रुपयांत द्यायचा आणि उरलेली किंमत कार्बनच्या आंतरराष्ट्रीय बाजारातून वसूल करायची, असे ठरले होते. परदेशातील तो भाव कोसळला आणि योजनेचा कणा मोडला. तूट कोण सोसणार, या आपल्या प्रश्नाला येथे खरे स्थान होते. उलट ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतील एल.ई.डी. दिव्याबाबत आधी तितकाच संशय असूनही ती घराघरांत पोहोचली. देशात ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. घाऊक खरेदीमुळे २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या वर असलेला दर दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आला. माझ्या मते तिचे यश जाहिरातीत नव्हते. दिवा बिघडल्यास तीन वर्षांत बदलून मिळण्याची हमी होती आणि पुढच्या महिन्याचे बिल प्रत्येकाच्या हाती पडत होते. तुटीचा धोका ग्राहकाच्या माथी नव्हता. ‘आकाश’ बिघडला तर तो परळीत कोठे दुरुस्त होईल, याचे उत्तर मात्र कोणापाशीच नव्हते.

अमेरिकेत १९९२ पासून कमी वीज घेणाऱ्या संगणकांवर ‘एनर्जी स्टार’ ही खूण लावतात. तेथील सरकारी लेखापरीक्षकांना तिचाच संशय आला. त्यांनी खोट्या कंपन्यांच्या नावे काल्पनिक वस्तूंचे अर्ज धाडले. २०१० च्या अहवालानुसार अशा वीस वस्तूंपैकी पंधरांना ती खूण मिळाली. त्यात चक्क पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळ होते. परंतु खूण रद्द न करता, स्वतंत्र प्रयोगशाळेतील चाचणी सक्तीची केली गेली. आपल्याकडील ऊर्जा दक्षता ब्युरोची ताऱ्यांची योजना २००६ पासून आहे. फ्रिज, वातानुकूलन यंत्र आणि अलीकडे छताच्या पंख्यांना ती सक्तीची आहे. लॅपटॉपसाठी ती ऐच्छिक ठेवली गेली. म्हणूनच दुकानदाराला लॅपटॉपच्या वीजवापराविषयी विचारले, तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतो.

व्यापारी बांधव म्हणतील, महिन्याला चार पैसे वाचविण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तर गणित करून पाहू. सव्वाशेऐवजी सोपा १२० वॅटचा आकडा घ्या. असा जुना संगणक रोज आठ तास, वर्षात ३०० दिवस चालला तर २८८ युनिट होतात. तीस वॅटचा लॅपटॉप तेवढेच काम ७२ युनिटांत करतो. दहा रुपये युनिट धरले तर फरक २,१६० रुपयांचा. रक्कम लहान नाही, पण मोठा फरक दिसतो तो वीज गेल्यावर. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून साधारण एक हजार वॅट-तास वापरता येतात असे समजा. पंखा ७५, नळी ४० आणि जुना संगणक १२० मिळून २३५ वॅट. बॅटरी सव्वाचार तासांत संपेल. संगणकाच्या जागी लॅपटॉप ठेवला की भार १४५ वर येतो आणि तीच बॅटरी जवळजवळ सात तास पुरते. कापूस-सोयाबीनच्या हंगामात दुपारी गेलेली वीज संध्याकाळी येते, तेव्हा ज्याच्या पावत्या थांबत नाहीत त्यालाच या पावणेतीन तासांचे मोल कळेल.

आपण हसून सोडून दिलेल्या गोष्टीचे खरे मूल्य २०२० मध्ये चुकते झाले, आणि ते आपल्याला चुकते करावे लागले नाही. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, धडे मोबाइलवर आले. व्यापारी घरांतील मुलांना आठवडाभरात लॅपटॉप मिळाले. नाही म्हटले तरी घरात दोन-तीन मोबाइल होतेच. बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या मुलांच्या वाट्याला काय आले? घरात एकच मोबाइल, तो बापाच्या खिशात, आणि खोपीत विजेचे बटणच नाही. दोन-अडीच वॅटवर चालणारे, छोट्या सौर पाटीवर भरता येणारे सुधारित यंत्र तोवर सात-आठ वर्षे दुरुस्त होत आले असते, तर ते नेमके त्या खोपीत उपयोगी पडले असते. योजना बुडाली ती सरकारच्या ढिसाळपणामुळे. यात शंका नाही. पण ती सुधारा, दुरुस्तीची सोय करा, चाचणीचे आकडे दाखवा, असा आग्रह धरणाऱ्यांत ज्यांच्या शब्दाला वजन होते ते आपण नव्हतो. आपल्याला ते यंत्र नकोच होते.

आता शाळांना पुन्हा नवे संगणक, टॅबलेट, फळे येत आहेत. काही सरकारी निधीतून, काही आपल्याच देणग्यांतून. देणगी देणाऱ्याने दराबरोबर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : वीजवापर किती, बॅटरी बदलण्याचा खर्च किती आणि दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणी होईल की नाही.

वीजवापर तर कोणालाही घरी पडताळता येतो. आपल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि किती वेळा लुकलुकला की एक युनिट होते, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातील सर्व बटणे बंद करून केवळ संगणक चालू ठेवावा आणि दहा मिनिटे ठिपके मोजावेत. चौसष्टच्या आसपास आले तर यंत्र १२० वॅटचे, सोळा आले तर तीस वॅटचे. मग संगणक बंद करावा, पण भिंतीवरचे बटण चालूच ठेवून पुन्हा मोजावे. पाच वॅट अशीच जात असतील तर दहा मिनिटांत दोन-तीन ठिपके दिसतील. रोजचे सोळा तास याप्रमाणे वर्षाला २९ युनिट. हे काम नातवंडांकडे सोपविले तर ती ते हौसेने करतील आणि आकडे वहीत उतरवूनही ठेवतील.