शेजारी काय करतील?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल आला की वृत्तपत्रांत शहरांची क्रमवारी लागते. अमुक शहर सर्वांत असुरक्षित, तमुक राज्यात गुन्हे वाढले. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे हा विभाग स्वतःच बजावतो, पण बातमीत तो इशारा क्वचितच दिसतो. एका एफआयआरमध्ये तीन-चार गुन्हे असतील तर अहवालात त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. लोकलच्या गर्दीत मोबाइल मारला गेला, तरी ठाण्यातून बाहेर पडणाऱ्याच्या हातात अनेकदा तो ‘गहाळ’ झाल्याचा कागद असतो. या आकड्यांतून पोलिसांचे कामकाज पुष्कळ कळते. वस्तीत काय चालले आहे ते फार थोडे कळते.

मग वस्तीतल्या लोकांनाच विचारायचे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगासाठी १९६६ मध्ये दहा हजार कुटुंबांची पाहणी झाली आणि पोलिसांच्या दप्तरातल्यापेक्षा सुमारे दुप्पट गुन्हे समोर आले. भारतात आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरूतल्या वीस हजारांहून अधिक कुटुंबांची अशी पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्याकडे चोरी झाली होती, त्यांतले दहा टक्केसुद्धा एफआयआरपर्यंत पोहोचले नव्हते.

पण माणसाला विचारले म्हणजे खरे कळलेच, असेही नाही. याची सर्वांत सुंदर परीक्षा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात १९७१ च्या जानेवारीत झाली. संशोधकांनी उलटा मार्ग धरला. आधी पोलिसांच्या दप्तरातून गुन्ह्याला बळी पडलेल्यांची नावे काढली आणि मग त्याच लोकांच्या घरी जाऊन नेहमीची प्रश्नावली विचारली. उत्तर काय यायला हवे ते कागदावर होतेच. घरफोडी झालेल्यांपैकी नव्वद टक्के लोकांनी ती सांगितली. मारहाण झालेल्यांपैकी निम्म्यांनीही सांगितली नाही. हल्लेखोर अनोळखी असेल तर चारांपैकी तिघे बोलले. तो नात्यातला असेल तर पाचांतला जेमतेम एक. आणि यातल्या प्रत्येक गुन्ह्याची नोंद पोलिसांच्या दप्तरात आधीच झालेली होती! कपाट फोडणारा चोर लक्षात राहतो आणि सांगितलाही जातो. हात उगारणारा मेहुणा ‘गुन्हा’ या शीर्षकाखाली आठवत नाही, किंवा परक्यासमोर त्याचे नाव ओठांवर येत नाही.

स्मरणाची दुसरी खोड याच्या अगदी उलट आहे. गेल्या सहा महिन्यांत काय घडले, असे विचारले की लोक आठ-दहा महिन्यांपूर्वीची घटनाही त्यात ओढून आणतात. मोठी घटना मनात ताजी असते, म्हणून ती जवळची वाटते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर या संशोधकांनी यावर १९८३ मध्ये एक देखणा उपाय मांडला. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी प्रचंड उद्रेक झाला होता. त्याला सहा महिने होताच त्यांनी काही जणांना ‘गेल्या सहा महिन्यांत’ असे विचारले, तर काहींना ‘उद्रेकानंतर’ असे. कालावधी तोच, पण उद्रेकाचा खुंटा मिळालेल्यांनी कमी घटना सांगितल्या. जुन्या घटना आपोआप खुंट्यापलीकडे राहिल्या. आपल्याकडे त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. ‘गणपतीनंतर की आधी?’ एवढे विचारले तरी पुरते, आणि हे घराघरांतल्या आजींना कुठल्याही शोधनिबंधाआधीपासून माहीत आहे.

एवढी काळजी घेऊनही या पाहण्या मोजतात ते घडून गेलेले गुन्हे. एका वस्तीत ते घडतात आणि तितक्याच गरीब असलेल्या शेजारच्या वस्तीत घडत नाहीत, असे का? हा प्रश्न शिकागोने सर्वांत जास्त चिवटपणे विचारला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या बालन्यायालयाचे विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचे खटले नकाशावर टिंब टिंब मांडले होते. काही भागांत आधी जर्मन आणि आयरिश राहत, मग पोलिश आणि इटालियन आले. रहिवासी बदलले तरी बालगुन्हेगारीचे आकडे तिथे चढेच राहिले. म्हणजे दोष कुठल्या जमातीच्या रक्तात नव्हता. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथाने हे ठामपणे सांगितले. मात्र नकाशावरचे टिंब वस्तीच्या आत काय चालते ते सांगू शकत नव्हते.

ते १९९५ मध्ये विचारले गेले. शिकागोचे ३४३ भाग पाडून ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांतले प्रश्न वाचताना आजही आनंद होतो, इतके ते साधे आहेत. शाळा बुडवून पोरे कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी काही करतील का? कुणी भिंतीवर रंग फासत असेल तर? एखादे पोर मोठ्यांशी उद्धटपणे वागले तर? घरासमोर मारामारी जुंपली तर? जवळचे अग्निशमन केंद्र बंद होण्याची वेळ आली तर? याच्या जोडीला, इथली माणसे एकमेकांच्या मदतीला येतात का, त्यांच्यावर भरवसा ठेवता येतो का, असेही विचारले होते.

‘तुम्ही काय कराल’ असा प्रश्न यात नाही. स्वतःबद्दल माणूस चांगलेच बोलतो. शेजाऱ्यांबद्दल विचारले की वस्तीचा अनुभव बोलू लागतो. एकट्याचे उत्तर कच्चेच असते, पण एकेका भागातल्या सरासरी पंचवीस जणांची उत्तरे एकत्र केली की त्या भागाचे मोजमाप बऱ्यापैकी स्थिर होते. रहिवासी इथे साक्षीदार नाही, मोजमापाचे उपकरण आहे.

रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडेनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांचा या मुलाखतींवरचा निष्कर्ष १९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’मध्ये आला. परस्परविश्वास आणि मध्ये पडण्याची तयारी जिथे जास्त, तिथे हिंसा कमी; आणि गरिबीचा व भाडेकरूंच्या सततच्या ये-जाचा हिंसेशी जो संबंध दिसतो, त्यातला मोठा वाटा या गुणामार्गे पोहोचतो. सॅम्पसन यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे. अर्ल्स यांचे त्या मानाने कमी घेतले जाते, ते खटकते. हा सारा प्रकल्प या बालमनोविकारतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. सुरुवातीला ते मेंदूच्या शरीरक्रियाशास्त्रात काम करत होते. १९६८ मध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली आणि त्यांनी प्रयोगशाळेबाहेरची वाट धरली.

याच प्रकल्पाने एका लोकप्रिय सिद्धांतालाही हात घातला. फुटकी खिडकी तशीच ठेवली तर मोठे गुन्हे ओढवतात, असे जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये लिहिले होते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ते उचलले आणि किरकोळ कारणांवरून धरपकड वाढली. शिकागोच्या संशोधकांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावून, ताशी आठ किलोमीटरच्या संथ वेगाने, हजारो रस्त्यांचे चित्रण केले. बकालपणा आणि गुन्हे एकत्र दिसत होते खरे. पण गरिबी आणि शेजाऱ्यांची एकी हिशेबात घेतली की जबरी चोरीसारखा अपवाद सोडता तो संबंध बहुतांशी विरला. पुढे २००४ मध्ये सॅम्पसन आणि रॉडेनबुश यांनी दाखवले की कॅमेऱ्यात बकालपणा सारखाच असला, तरी कृष्णवर्णीयांचे प्रमाण जास्त असलेल्या वस्तीत लोकांना तो अधिक जाणवतो. खुद्द कृष्णवर्णीयांनाही! म्हणून ‘हा भाग सुरक्षित वाटतो का’ एवढ्याच प्रश्नावर नकाशे रंगवणाऱ्या अॅपवर विश्वास ठेवण्याआधी त्याच्या जोडीला दुसरे, स्वतंत्र मोजमाप मागायला हवे.

भारतात गुन्ह्यांच्या बळींची देशव्यापी वार्षिक पाहणी होत नाही. ती करण्याचे कसब मात्र इथे आहे, आणि तेही मुंबईत. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. २०१९-२१ च्या फेरीत सहा लाखांवर कुटुंबे होती. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती, हे त्याच पाहणीतून कळले. सॅन होजेमध्ये जे नाते प्रश्नावलीतून निसटले, त्याच्यासाठी इथे शिस्त आहे. हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारतात, तेही एकांत मिळाला तरच. कुणी ऐकत असेल तर मुलाखत घेणारी ते प्रश्न सोडून पुढे जाते. ही शिस्त आणि शिकागोचे ते पाच प्रश्न घेऊन धारावी, कामाठीपुरा किंवा मीरा रोडच्या इमारतींत दर दोन-तीन वर्षांनी जाता येईल. अग्निशमन केंद्राच्या जागी पाण्याचा नळ किंवा पालिकेची शाळा घालावी लागेल, एवढेच.